गावातली टॉकीज आणि शेवटची एसटी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी राहते. गावात एकच टॉकीज उरली आहे. ती सुरू राहावी म्हणून आम्ही सहा-सात जण गेली काही वर्षं मालकांच्या बरोबरीने धडपडतो आहोत. मासळीबाजारात, लग्नाच्या पंगतीत, गणपतीला मुंबईहून आलेल्या पाहुण्यांच्या घोळक्यात, कुठेही विषय निघाला की तेच प्रश्न येतात. म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. टॉकीजचं नाव मुद्दाम दिलेलं नाही, कारण यातलं बरंचसं दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठल्याही गावाला लागू पडेल.

सगळं मोबाइलवर दिसतं. मग टॉकीज हवीच कशाला?

मी उलट विचारते, मोबाइलवर एका बैठकीत, मधे न उठता, पूर्ण पिक्चर शेवटचा कधी पाहिलात? बहुतेक जण आठवत बसतात.

आमच्याकडे गुरुवारी आठवडा बाजार. माझी आई त्या दिवशी पहाटे उठून स्वयंपाक उरकायची, भात टोपात झाकून ठेवायची आणि शेजारच्या तिघी-चौघींबरोबर बाजाराला निघायची. पिशवीत भाजीच्या यादीबरोबर तिकिटाचे सुटे पैसे वेगळे बांधलेले असायचे. दुपारचा मॅटिनी पाहून, मग भाजी घेऊन, दिवेलागणीच्या आत त्या घरी. पिक्चरला जाते म्हणून तिने कधी कुणाची परवानगी मागितली नाही. ते बाजारातच धरलेलं होतं. आठवड्यातले तेवढे तीन तास तिला कुणी हाक मारत नसे. घरात मोबाइलवर पिक्चर बघणाऱ्या बाईला आजही दर दहा मिनिटांनी हाक येते.

दुसरं, पिक्चर काढणारा माणूस दृश्य मोठ्या पडद्याच्या हिशेबाने मांडतो. लांब समुद्रात होडीत बसलेला माणूस टॉकीजमध्ये माणूसच दिसतो. मोबाइलवर त्याचा ठिपका होतो, आणि मग आपण म्हणतो की पिक्चर संथ आहे.

टॉकीज खरंच बंद पडतायत, की तुम्हाला उगाच तसं वाटतं?

खरंच पडतायत. २०१९ साली, म्हणजे कोरोनाच्या आधी, देशभरात मिळून साडेनऊ हजारांच्या आसपास पडदे होते. त्यांतले सव्वासहा हजारांच्या वर एकपडदा टॉकीज आणि बाकीचे मल्टिप्लेक्सचे. आजही एकूण आकडा दहा हजारांच्या आतच आहे, आणि लोकसंख्या एकशे चाळीस कोटींच्या वर. चीनमध्ये ऐंशी हजारांवर पडदे आहेत. म्हणजे आपल्याकडे पडदे आधीच कमी आणि जे मिटतायत ते छोट्या गावांतले.

मुंबईत वॉटसन हॉटेलमध्ये ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिए बंधूंच्या चित्रफिती दाखवल्या गेल्या, आणि ३ मे १९१३ रोजी दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये लागला. ते गिरगाव कोकणातल्या माणसांनी भरलेलं. सिनेमाचं वेड चाकरमान्यांच्या ट्रंकेतून गावाकडे आलं, असं मी मानते. आता गावाकडची टॉकीज कुठे मंगल कार्यालय झाली, कुठे फर्निचरचं दुकान, कुठे सिमेंटचं गोदाम. बाल्कनीचा जिना मात्र तसाच असतो. गोदामात गेलात तर बघा, जिना वर जातो आणि भिंतीपाशी संपतो.

गावात माणसंच राहिली नाहीत. पिक्चर बघणार कोण?

प्रश्न रास्त आहे. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. रत्नागिरीची जवळपास सतरा लाखांवरून सव्वासोळा लाखांच्या आत आली, सिंधुदुर्गाची साडेआठ लाखांवर उतरली. देशभर माणसं वाढत असताना आमच्याकडे कमी झाली. तरुण मुलगा बारावी झाला की मुंबई-पुणे धरतो.

पण त्याच जनगणनेतला दुसरा आकडा फारसा कुणी सांगत नाही. रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ बायका आहेत. पुरुष बाहेरगावी, बाई घरी, हे कोकणाचं जुनं चित्र. मग टॉकीज कोणासाठी चालवायची हे उघड आहे. तरीही आमच्याकडची बहुतेक टॉकीज वीस-पंचवीस वर्षं वीस वर्षांच्या मुलांसाठीच चालवली गेली. मारधाडीचे पिक्चर, रात्रीचे खेळ, तुंबलेली मुतारी. तो मुलगा गाव सोडून गेला आणि जी बाई गावात राहिली तिला टॉकीजमध्ये पाय ठेवावासा वाटेना. माझ्या मते निम्मी कथा इथेच आहे.

शिवाय बंदरावर खलाशी आहेत, त्यांतले पुष्कळ कर्नाटकातले, नेपाळातले. आंब्याच्या बागांत राखणीला आलेले नेपाळी कामगार आहेत. वादळी वारा सुटला आणि होड्या बंदरात उभ्या राहिल्या की खलाशांना दिवसभर काही काम नसतं. त्या दिवशी तीनच्या खेळाला बाल्कनीखालच्या खुर्च्या भरतात. आमचे बुकिंग क्लार्क काका हवामान खात्याचा इशारा मच्छीमारांइतक्याच लक्षपूर्वक ऐकतात.

शेवटच्या एसटीचा आणि पिक्चरचा काय संबंध?

सगळा संबंध तिथेच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

तालुक्याची टॉकीज गावातल्या आठ-दहा हजार माणसांवर चालत नाही. ती आसपासच्या वाड्या-वस्त्यांवर चालते. वाडीतल्या माणसाचं सगळं गणित वस्तीच्या गाडीवर बसलेलं असतं, म्हणजे रात्री वाडीत मुक्कामाला जाणारी आणि सकाळी परत येणारी एसटी. ती चुकली तर रिक्षाला चारशे-पाचशे रुपये. तिकीट ऐंशी रुपयांचं असलं तरी पिक्चर मग सहाशेला पडतो.

आमच्या टॉकीजचे खेळ वर्षानुवर्षं बारा, तीन, सहा, नऊ असे होते. मुंबईच्या वेळा होत्या, गावानेही त्याच घेतल्या. पिक्चर अडीच तासांचा, मध्यंतर पंधरा मिनिटांचं, आधी जाहिराती. सहाचा खेळ सुटायला पावणेनऊ तरी वाजतात. आमच्याकडच्या तीन मोठ्या वाड्यांची गाडी सव्वाआठला सुटते. आम्ही काही जण एक महिनाभर स्टँडवर वही घेऊन उभे राहिलो आणि कुठली गाडी किती वाजता सुटते, कुठल्या वाडीची माणसं बाजाराला कोणत्या वारी येतात, ते लिहून काढलं. वही मालकांना दाखवली. ते दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “बाई, सहाचा खेळ पाचला करूया.”

पाचचा खेळ पावणेआठला सुटतो. बाहेर येऊन भजी खाऊन सव्वाआठची गाडी आरामात मिळते. नऊचा खेळ फक्त शनिवार-रविवारी आणि सणासुदीला ठेवला. गुरुवारचा मॅटिनी साडेबाराला ठेवला, कारण सकाळच्या गाड्यांनी आलेल्या बायकांचा बाजार तोवर अर्धा झालेला असतो आणि परतीची गाडी चारला असते. १७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं, त्याची मोठीच मदत झाली. त्याआधी ७५ वर्षांवरच्या माणसांना प्रवास मोफत झालेला होताच. आता गुरुवारी मॅटिनीला सासू, सून आणि सुनेची आई अशा एकत्र येतात.

मी असं म्हणत नाही की एवढ्याने टॉकीज तरली. पण ज्या खेळाला पंधरा माणसं यायची तिथे सत्तर-ऐंशी येऊ लागली, ती नवा पडदा किंवा नवा स्पीकर बसवायच्या आधी. तुमच्या गावात टॉकीज असेल तर पहिलं काम हेच करा. स्टँडवर जाऊन वेळापत्रक लिहून घ्या.

तिकीट किती असावं?

शंभरच्या आत. यात मला शंका नाही.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा शंभर रुपयांवरच्या तिकिटाला २८ टक्के आणि शंभरपर्यंतच्या तिकिटाला १८ टक्के कर होता. २०१९ च्या सुरुवातीला ते अनुक्रमे १८ आणि १२ झाले. २२ सप्टेंबर २०२५ पासून शंभरपर्यंतच्या तिकिटावर फक्त ५ टक्के कर आहे. छोट्या टॉकीजसाठी इतका सरळ फायदा बऱ्याच वर्षांत झाला नव्हता. बाल्कनीचं तिकीट एकशे वीस करण्यापेक्षा शंभर ठेवलेलं बरं. राष्ट्रीय चित्रपट दिनाला २०२२ मध्ये ७५ रुपये तिकीट ठेवलं तेव्हा मोठ्या शहरांतल्या मल्टिप्लेक्सबाहेरही रांगा लागल्या होत्या. लोकांना पिक्चर नको झालेला नाही, चौघांच्या कुटुंबाला परवडेल असं तिकीट हवं आहे.

तिकिटाचे पैसे मालकाच्या खिशात जातात ना?

सगळे नाही. आधी कर जातो. उरलेल्यात वितरकाचा वाटा. मल्टिप्लेक्स आणि निर्माते यांच्यात २००९ मध्ये मोठा संप झाला, त्यानंतर ठरलं की पहिल्या आठवड्यात निर्मात्याला ५० टक्के, दुसऱ्यात साडेबेचाळीस, तिसऱ्यात साडेसदतीस आणि पुढे ३० टक्के. छोट्या टॉकीजचे सौदे तोंडी आणि पिक्चरगणिक वेगळे. कधी टक्केवारी, कधी ठरावीक रक्कम आधी भरायची, मग धंदा होवो न होवो. त्यावर पिक्चर डिजिटल पाठवणाऱ्या कंपनीचं प्रत्येक खेळामागचं शुल्क, वीज, जनरेटरचं डिझेल, ऑपरेटर, डोअरकीपर, झाडूवाली यांचे पगार.

सगळ्यात जाचक अट असते ‘सर्व खेळ’ देण्याची. मोठा हिंदी पिक्चर हवा तर दिवसाचे चारही खेळ त्यालाच द्या. ज्या टॉकीजला एकच पडदा आहे तिचा गुरुवारचा मॅटिनी मग जातो. आमच्या मालकांनी एकदा एका पिक्चरला या अटीवर नकार दिला. त्या आठवड्यात नुकसान झालं. गुरुवारच्या बायका मात्र तुटल्या नाहीत. मालकांनी केलं ते बरोबरच होतं असं मला वाटतं, पण दुसऱ्याला असं कर म्हणून सांगायची माझी छाती नाही, पैसे त्याचे जातात.

मध्यंतरातला वडापाव, चहा, सोडा यांच्यावर टॉकीज जगते, हेही खरं. म्हणून घरून डबा न आणता तिथे काहीतरी घ्या.

कोकणात टॉकीज चालवणं इतरांपेक्षा अवघड का?

पाऊस, खारी हवा आणि चाकरमानी, या तीन गोष्टींमुळे.

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. टॉकीजचं छप्पर म्हणजे मधे खांब नसलेलं मोठं पत्र्याचं आवरण. समुद्राच्या खाऱ्या हवेने पत्रे आणि कैच्या, म्हणजे पत्रे पेलणारे लोखंडी सांगाडे, गंजतात. दर मे महिन्यात रंग, डांबर, नवे पत्रे. चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, भिंतींना ओल येते, मागचं कापड बुरशी धरतं, खुर्च्यांचा वास येतो. साताऱ्या-सांगलीकडच्या मालकाला हा खर्च एवढा नाही. पावसात लाईट जाते. प्रोजेक्टर मधेच बंद पडला तरी तापलेला दिवा गार होईपर्यंत त्याचे पंखे चालू राहावे लागतात, म्हणून त्या पंख्यांपुरती तरी बॅटरी ठेवावी लागते.

१ जूनपासून दोन महिने यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. खलाशी आपापल्या गावी जातात, बंदराकडचा पैसा आटतो. त्याच दोन महिन्यांत शेतीची लावणी. टॉकीजमध्ये कधी कधी दहासुद्धा माणसं नसतात. उलट गणपतीत, शिमग्यात आणि मे महिन्यात मुंबईकर आले की जागा पुरत नाही. वर्षाचा धंदा असा साठ-सत्तर दिवसांत गोळा करायचा आणि तो छपराला लावायचा.

आणि २०२०-२१. मार्च २०२० मध्ये थिएटरं बंद झाली. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ धडकलं. अलिबाग, मुरूड, मंडणगड, दापोलीकडची छपरं कागदासारखी उडाली. ५ नोव्हेंबरला निम्म्या खुर्च्यांवर परवानगी मिळाली, ती एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा गेली. मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ. २२ जुलैला वाशिष्ठीचा पूर, चिपळूण बाजारपेठ पाण्याखाली, २६ जुलै २००५ च्या आठवणी ताज्या करणारा. २२ ऑक्टोबर २०२१ ला थिएटरं उघडली आणि थोड्याच दिवसांत एसटीचा संप लागला, तो पुढल्या एप्रिलपर्यंत. टॉकीज उघडी होती आणि वाडीतून यायला गाडी नव्हती. आमच्या मालकांनी त्या हिवाळ्यात प्रोजेक्टर आठवड्यातून दोनदा नुसताच चालू केला, ओल धरू नये म्हणून. रिकाम्या खुर्च्यांसमोर जुन्या जाहिराती चालत असत. मी एकदा जाऊन बसले होते. त्या दिवसाविषयी याहून जास्त लिहवत नाही.

रिळांचा काळच बरा नव्हता का?

ऑपरेटरसाठी होता. त्याच्या हाताला काम होतं, किंमत होती. दोन हजार फुटांचं रीळ वीस-बावीस मिनिटं चालायचं. दोन मशीनं, एक संपत आलं की पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात ठिपका उमटायचा आणि ऑपरेटर दुसरं मशीन सुरू करायचा. प्रेक्षकाला कळलंही नाही पाहिजे, यात त्याचा मान.

प्रेक्षकांचं मात्र वाईट चाले. प्रिंट थोड्या निघायच्या, आधी मुंबई, मग कोल्हापूर, मग रत्नागिरी. आमच्याकडे डबे एसटीच्या टपावरून यायचे, तोवर महिने उलटलेले आणि रिळावर पावसासारख्या रेघा. उपग्रहावरून पिक्चर पाठवायची सोय साधारण २००५ पासून सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत मुंबईला शुक्रवारी लागणारा पिक्चर आमच्याकडेही त्याच शुक्रवारी लागू लागला. ते मोठं सुख होतं, आहे. पिक्चर कुलूपबंद येतो, ठरलेल्या दिवसांपुरतीच किल्ली मिळते. तोटा असा की तो तितक्याच लवकर जातो. पूर्वी एखादा चांगला पिक्चर गावात कळायला आठवडा लागे आणि तो तीन आठवडे टिके. आता ‘चांगला आहे हो’ असं वाडीत पोचेपर्यंत दुसरा लागलेला असतो.

मराठी पिक्चर का लावत नाही?

लावतो, तुम्ही पहिल्या तीन दिवसांत येत नाही. दुखवायला म्हणत नाही, पण सोमवारी आकडा बघून वितरक निर्णय घेतो.

लोक आले की काय होतं तेही आम्ही पाहिलंय. २०१६ मध्ये ‘सैराट’ला गावोगाव जादा खेळ लावावे लागले. २०२३ मध्ये ‘बाईपण भारी देवा’ला बायका गटागटाने, साड्या ठरवून आल्या; आमच्याकडे एका वाडीने टेम्पो केला होता. सप्टेंबर २०२५ मधला ‘दशावतार’ तर आमच्या मातीतलाच, रात्र जागून दशावतारी खेळ बघणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना मी पहिल्यांदाच टॉकीजच्या रांगेत पाहिलं. २०१८ चा ‘तुंबाड’ सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा लागला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला. तुंबाड हे नाव आमच्या खेड तालुक्यातल्या गावाचं. म्हणजे जुना पिक्चरही चालतो, तो वितरकाने द्यायला हवा.

२०१५ मध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्सना मराठी पिक्चरसाठी सोयीच्या वेळा ठेवायला लावल्या. ज्या गावात मल्टिप्लेक्सच नाही तिथे त्या निर्णयाने काही बदललं नाही.

बाईने एकटीने जावं का? स्वच्छतागृह कसं आहे?

आमच्याकडे आता चांगलं आहे. पूर्वी नव्हतं, आणि त्याबद्दल कुणी सारवासारव करू नये. मी स्वतः कॉलेजात असताना मध्यंतरात बाहेर न पडता, पाणी न पिता तीन तास काढलेले आहेत. आम्ही मालकांकडे सगळ्यात आधी मागितलं ते हेच: बायकांचं स्वच्छतागृह वेगळ्या बाजूला, आतून नीट लागणारी कडी, चोवीस तास पाणी, दिवा, कचऱ्याचा झाकणाचा डबा. खर्च नव्या स्पीकरच्या मानाने किरकोळ आला. बाल्कनीतल्या दोन रांगा बायका आणि कुटुंबांसाठी ठेवल्या. डोअरकीपर म्हणून गावातल्याच एक मावशी आहेत. कुणी गडबड केली तर त्या नावानिशी हाक मारतात, कारण त्या मुलाला त्या अंगणवाडीपासून ओळखतात.

ढेकणांचं विचाराल तर दर तीन महिन्यांनी फवारणी होते.

वाडीत गणपतीला प्रोजेक्टर लावून पिक्चर दाखवला तर चालतो का?

हक्क असलेल्याची परवानगी असेल तर चालतो. घरच्या ॲपच्या वर्गणीवर मोबाइलमधून घेतलेला पिक्चर मंडपात शंभर माणसांना दाखवणं हे सार्वजनिक प्रदर्शन होतं. मंडळांनी परवानगीसाठी विचारावं. जुन्या मराठी पिक्चरचे निर्माते कधी कधी माफक पैशांत देतातही. आम्ही गेल्या वर्षी दोन मंडळांना सांगितलं, मंडपाऐवजी एक खेळ टॉकीजमध्ये घ्या. घेतला.

टेलिग्रामवर पिक्चर चोरून आधीच येतो, तो बघायचा का?

बघू नका. २०२३ च्या कायद्याने पिक्चरची चोरून नक्कल करणाऱ्याला तीन महिने ते तीन वर्षं कैद आणि किमान तीन लाख रुपये दंड आहे. पण कायद्यापेक्षा साधं कारण आहे. टॉकीजमध्ये काम करणारी अकरा माणसं तुमच्याच गावातली आहेत.

सरकारने काय करावं असं तुम्हाला वाटतं?

केरळकडे बघावं. तोही आमच्यासारखाच किनारा, तसाच पाऊस, तसाच चिरा. तिथलं राज्य चित्रपट विकास महामंडळ १९७५ पासून आहे आणि ते स्वतः थिएटरं चालवतं, तिरुवनंतपुरममध्ये तर आहेतच, पण चेर्तला, चित्तूर अशा छोट्या गावांतही. सरकारने तिकीट विकावं की नाही यावर वाद होऊ शकतो. पडदा असणं ही गावाची गरज आहे, वाचनालयासारखी, एवढं तरी त्यांनी मानलं.

आमच्याकडे मालवणला मामा वरेरकर नाट्यगृह आहे, रत्नागिरीला सावरकर नाट्यगृह आहे. नाटकं वर्षातून मोजक्या दिवशी येतात. ज्या तालुक्यात टॉकीज उरलीच नाही तिथे अशा नाट्यगृहांत एक चांगला प्रोजेक्टर बसवून आठवड्याचे दोन दिवस पिक्चर दाखवता येतील. आसनं आहेत, स्वच्छतागृहं आहेत, पार्किंग आहे. परवाना जिल्हाधिकारी कार्यालयातूनच मिळतो, १९५३ च्या चित्रपट विनियमन कायद्याखाली.

मालकांची जुनी मागणी वेगळी आहे: टॉकीजच्या जागेवर दुसरं काही बांधायचं असेल तर तिथे सिनेमागृह ठेवायची अट सैल करा. मी या मागणीच्या पूर्ण विरोधात नाही. सहाशे खुर्च्या आता भरत नाहीत. पण दीडशे खुर्च्यांचा एक छोटा पडदा राहिला पाहिजे, खाली दुकानं काढा, वर मंगल कार्यालय काढा. अट पूर्ण काढली तर पडदा कुणीही ठेवणार नाही, जमिनीचा भाव तसा आहे.

मल्टिप्लेक्स आला तर टॉकीजची गरज राहील?

जिल्ह्याच्या ठिकाणी येतो, तिथे थांबतो. देशातला पहिला मल्टिप्लेक्स १९९७ मध्ये दिल्लीत साकेतला उघडला. त्याला इतकी वर्षं झाली, आमच्या तालुक्यात अजून पोचलेला नाही. पोचला तर मी पहिलं तिकीट काढीन.

आम्ही मुंबईत असतो. आमच्याकडून काय होईल?

पुष्कळ. गणपतीत पाच दिवस गावी असता, त्यातली एक दुपार टॉकीजला द्या आणि वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांना गाडीत घालून घेऊन या. दहावीच्या बॅचचं स्नेहसंमेलन असेल तर हॉटेलचा हॉल न घेता सकाळचा एक खेळ घ्या. आमच्याकडे तो साधारण हॉलच्या भाड्यातच बसतो. गावातल्या तुमच्या भावाच्या दुकानाची जाहिरात मध्यंतरात लावा. शाळेला वर्षातून एक खेळ तुमच्या आईवडिलांच्या नावे द्या. पहिल्यांदा मोठा पडदा बघणारी चौथीची मुलं दिवे मालवल्यावर एकदम गप्प होतात, ते एकदा बघायला तरी या.

मुंबईत प्रभात चित्र मंडळासारखी फिल्म सोसायटी १९६८ पासून आहे. तिथे जाणाऱ्यांना माझी खास विनंती, तुमच्या तालुक्यात महिन्यातून एक रविवार सकाळ असं मंडळ सुरू करायला मदत करा. आम्ही चौतीस सभासदांवर सुरू केलंय.

टॉकीज बंद झालीच तर जुन्या सामानाचं काय करायचं?

भंगारवाल्याला देऊ नका, निदान आठवडाभर थांबा. रिळांचे डबे उघडून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर फिल्म कुजायला लागली आहे. दमट हवेत ते झपाट्याने वाढतं आणि शेजारच्या डब्यालाही लागतं. असे डबे वेगळे काढा, बाकीचे कोरड्या, थंड खोलीत आडवे ठेवा. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून हेच काम करतं. फिल्म, पोस्टर, फोटो, पुस्तिका यांच्यासाठी त्यांना आधी कळवा. तुमच्याकडचा डबा कदाचित कुठल्या तरी मराठी पिक्चरची शिल्लक असलेली शेवटची प्रिंट असेल.

काचेच्या स्लाइड दिसल्या तर त्या जपून काढा, जुन्या वर्तमानपत्रात एकेक गुंडाळून. मध्यंतरात लावायच्या त्या जाहिराती गावातल्याच रंगाऱ्याने हाताने रंगवलेल्या असतात: शिंप्याचं दुकान, सायकलवाला, नवीन आलेले डॉक्टर. आमच्या टॉकीजच्या माळ्यावर अशा एकेचाळीस सापडल्या. त्यांतल्या एकीवर लिहिलंय, “शेवटच्या खेळानंतर वाडीकडे जाणाऱ्या मंडळींसाठी गाडी टॉकीजच्या दारातून सुटेल.”